सरळ केलेला बाण

१

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये मला सगळे तोंडावर फ्रेडीशेट म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मस्कतमध्ये दगड कोरतोय. दुकानांच्या पाट्या, व्हिलांची नावं, कारंज्यांच्या कडा. डोळ्यांवर जाड चष्मा आला, पण कान शाबूत आहेत. हातोडी कशावर पडतेय ते मी पाठ करून बसलो तरी सांगतो. संगमरवर, चुनखडी, लोखंड, सागवान, प्लायवूड. आमचा पॉलिशवाला शांताराम, सावंतवाडीचा, चौदा वर्षं माझ्याशी या गोष्टीवर चहाची पैज लावतोय आणि चौदा वर्षं हरतोय.

घर दार्सैतला. मी, बायको क्लोटिल्डा आणि गेली दोन वर्षं माझा भाचा लॉईड. आम्हाला मूलबाळ नाही. लॉईड माझ्या धाकट्या बहिणीचा, जेनेटचा एकुलता एक. मेव्हणा गेल्यावर तिने वसईहून त्याला माझ्याकडे पाठवला आणि फोनवर एकच वाक्य बोलली, "दादा, हा तुझ्या ओटीत घातला." झालं, माझ्यासारख्या चिडक्या माणसाने त्याच दिवशी त्याच्या व्हिसाचे कागद भरले. लॉईड एकोणतीसचा, कुरुमच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. गरीब गाय. चर्चच्या क्वायरमध्ये गातो. रक्त तपासायला सुई टोचली तरी याला भोवळ येते आणि मग नर्सच याची माफी मागते.

तर तस्नीम मॅडम, आमचं नवं गिऱ्हाईक. ओमानीच, पण रुवीत, आपल्या लोकांच्या वस्तीत वाढलेली, त्यामुळे तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. स्कॉटलंडला सहा वर्षं जुन्या दगडांवर शिकून आली. तिथे एका शेतात उभ्या असलेल्या दगडाची हुबेहूब नक्कल तिला कुरुमच्या बागेत हवी होती. फोटो आणि रेखाटनं माझ्या टेबलावर पसरून ती म्हणाली, "हे पिक्ट लोक. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीचे. स्वतःबद्दल त्यांनी जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही. जे लिहिलं ते शेजाऱ्यांनी."

"शेजारी काय चांगलं लिहिणार, मॅडम?" मी म्हटलं.

ती हसली. "खरंय. शेजारी म्हणायचे, हे अंग रंगवणारे लोक."

दगड पुरुषभर उंच. वर चंद्रकोर आणि तिच्यावर मधोमध मोडलेला बाण. खाली एक जनावर, सोंडेसारखं तोंड, पायांच्या जागी वेटोळी. आणि अगदी तळाला हात बांधलेली माणसं ओळीने आडवी. त्यांना माना होत्या, डोकी नव्हती. डोकी बाजूला एका रांगेत लावून ठेवलेली.

"फ्रेडी भाई, एक रेघ कमी नाही, एक रेघ जास्त नाही," ती जाताना म्हणाली.

आता माझी गंमत ऐका. माझा बाप गावचा सुतार. दर जानेवारीत संत सेबॅस्टियनचा सण आला की चर्चमधली मूर्ती आमच्या ओट्यावर यायची. अंगात बाण रुतलेला तो संत. मिरवणुकीत लोक हात लावून लावून त्याचे लाकडी बाण मोडायचे आणि ते सरस लावून सरळ करायचं काम आमच्या घराण्याचं. मी चार वर्षांचा असल्यापासून दोरा धरायचो आणि बाप म्हणायचा, "सुतात आण, फ्रेडी, सुतात आण. संताच्या अंगात वाकडा बाण चालत नाही." त्यामुळे मोडका बाण दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो. कॉम्प्युटरवर मी ती मोड पुसली आणि एक सरळ रेघ ओढली. बाईच्या बागेत भंगलेलं कशाला? रबराचं स्टेन्सिल कापलं, वाळूचा मारा केला, कडा छिन्नीने काढल्या. बाण असा बसला की माझ्या बापाने पाठ थोपटली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा मी.

गुरुवारी दुपारी आम्ही दगड वर्कशॉपमध्येच उभा केला.

२

शुक्रवारी इथे सुट्टी, चर्चमध्ये आमची मिस्सा त्याच दिवशी. सकाळी क्लोटिल्डा मत्र्याच्या मार्केटमधून बांगडे घेऊन आली. लॉईड अशा वेळी गॅलरीत जाऊन बसतो. त्या दिवशी तो किचनमध्ये आला आणि म्हणाला, "मामी, दे इकडे."

"तू?" क्लोटिल्डा हसायला लागली. "आणि तुला कोण उचलणार रे?"

त्याने कोयता घेतला. बारा बांगडे, बारा घाव. एकही घाव दुसऱ्यांदा मारावा लागला नाही. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो आणि कानाला जाणवलं ते हे, की बाराही घाव एकसारखे होते. माझा हातसुद्धा सहाव्या-सातव्या ठोक्याला थोडा सैल पडतो.

"बघ रे, शिकला आपला लॉईड!" क्लोटिल्डा ओरडली. मी कौतुक करायला उठलो. त्याने मुंडकी ओट्याच्या कडेला रांगेत लावली होती. सगळ्यांची तोंडं दाराकडे. मुंडक्यांचं आम्ही सार करतो, ती कोणी असं मांडत नाही.

"हे काय रे?"

"काय, मामा?" त्याने बघितलं आणि मग त्यालाही ते नवीन असल्यासारखं वाटलं. चेहरा पांढरा पडला आणि तो बाथरूमकडे पळाला. ओकला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हा आपला लॉईड.

मिस्सेला जाताना त्याच्या उजव्या मनगटावर निळं काहीतरी दिसलं. नखाएवढी चंद्रकोर.

"पेन फुटलं, मामा."

"मग साबण लाव."

"लावला. तीनदा लावला."

३

रविवारी तस्नीम मॅडम दगड बघायला आली. दगडाभोवती एक फेरी मारली, तोंडभर हसली. मग बाणावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हा मोडलेला होता."

"हो मॅडम. मी सरळ केला. त्याचे जास्तीचे पैसे नकोत."

ती हसली नाही. माझं डोकं लगेच तापतं, मी म्हणालो, "अहो, मोडका बाण कोण कोरून घेतं?"

"दोन खुणा मिळून एक नाव होतं, असं बरेच जण मानतात," ती सावकाश म्हणाली. "चंद्र आणि हे जनावर, मिळून कोणा एका माणसाचं नाव. आणि मोडका बाण म्हणजे काय ते नक्की कुणालाच माहीत नाही. पण त्या शेतावरची म्हातारी म्हणायची, बाण मोडलेला आहे तोवर हा माणूस मेलेला आहे."

"आणि सरळ केला तर?" शांतारामने विचारलं.

"तिला ते विचारायचं मला सुचलं नाही."

मग बहुधा वातावरण हलकं करायला तिनेच विषय काढला. म्हणाली, "गंमत म्हणजे यांच्याकडे राजाचा मुलगा गादीवर बसत नसे. बहिणीचा मुलगा बसे. शेजाऱ्यांनी तसं लिहिलंय, खरं-खोटं अल्ला जाणे."

शांतारामने मांडीवर थाप मारली. "म्हणजे फ्रेडीशेट, आपलो लॉईड राजा झालो की हो!"

हसलो आम्ही. मीसुद्धा हसलो. जाताना तिने सांगितलं, बाण मोडून द्या, हवा तर आख्खा दर्शनी भाग घासून परत कोरा, आणि तोवर दगड आडवा ठेवा. दगड आडवा करायला चार माणसं लागतात आणि चौघंही त्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर. "उद्या करू, इन्शाल्ला," मी म्हणालो. इन्शाल्ला म्हणजे केव्हा, हे या देशात कुणी विचारत नाही.

४

मंगळवारी लॉईडची सुट्टी. दुपारी तो माझा डबा घेऊन वर्कशॉपला आला. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून, दाराकडे पाठ. शांताराम गुडघ्यांवर बसून एका ओट्याला पॉलिश करत होता. तो ओरडला, "या राजे, या! मुजरा!"

डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. स्टील, लाकडावर, अलगद. मग माझी दोन किलोची हातोडी रॅकवरून उचलल्याचा आवाज. मी वळलो नाही. हातोडीला सगळेच हात लावतात.

मग जो आवाज आला तो मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. दगड नाही, लाकूड नाही, लोखंड नाही. ओला आवाज, आणि आत कुठेतरी काहीतरी तडकल्याचा. मी पैज हरलो असतो. वळलो तोवर दुसरा घाव पडला होता. शांतारामचा जबडा जिथे असायला हवा तिथे नव्हता. दात फरशीवर, पॉलिशच्या पांढऱ्या पाण्यात. तो बसल्या जागी हात वर करून होता, मुजरा अजून संपला नव्हता.

लॉईड त्याच्याकडे बघतच नव्हता. दगडाकडे बघत होता, तळाच्या त्या आडव्या माणसांकडे, आणि तिसऱ्यांदा हातोडी उचलत होता. मी त्याचा दंड धरला. त्या पोराचा दंड म्हणजे उकडलेली शेवग्याची शेंग. पण त्या क्षणी माझ्या दोन्ही हातांनी तो तसूभर हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द बोलला. मराठी नाही, इंग्रजी नाही, अरबी तर नाहीच. घोगरा, छोटासा. मग हातोडी आपोआप सुटली आणि तो म्हणाला, "मामा, डबा गार होतोय."

मी खोटं बोललो. अर्बाबला, म्हणजे मालकाला, ॲम्ब्युलन्सवाल्याला, पोलिसाला, सगळ्यांना सांगितलं की ट्रॉलीवरून लादी सरकली. शांतारामचा जबडा तारांनी बांधला, त्याला बोलता येत नव्हतं. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. चौदा वर्षांचा माझा दोस्त. मी मान खाली घातली. ओटीत घातलेलं पोर पोलिसांच्या हवाली करून जेनेटला काय तोंड दाखवू?

गाडीत लॉईड रडला. "मामा, मी काही केलं का?" मी म्हणालो, ऊन लागलं तुला. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. हॉटेलात माणसं कमी करतायत, याच्या डोक्यावर ताण, त्यात हा उन्हाळा. माणसाचं डोकं फिरतं, त्याला तेराशे वर्षं कशाला लागतात? बाही वर सरकली होती. निळं आता कोपरापर्यंत चढलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉईड गाढ झोपलेला बघून मी वर्कशॉपला गेलो. फरशी धुवायची होती, आणखी कुणी बघायच्या आत. दहाच्या सुमाराला क्लोटिल्डाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"फ्रेडी, मी बेडरूममध्ये आहे. कडी लावलीय. लॉईड बाहेर आहे. कोयता घेऊन उभा आहे. मला मामी म्हणत नाही रे. काहीतरी दुसरंच..."

आणि पहिला घाव. मी फोन स्पीकरवर टाकला. प्लायवूडचं दार, आत पोकळ. मीच बसवलेलं. असं दार असा घाव किती वेळ सोसेल हे जगात माझ्याइतकं कोणाला कळणार? बारा. फार तर चौदा. दार्सैतला पोचायला गाडीने वीस मिनिटं. शेजारचे सगळे ऑफिसला.

दोन. तीन. सगळे एकसारखे.

"फ्रेडी, बोल ना काहीतरी!"

दगड समोर उभा होता. माझा सुरेख, सुतात आलेला बाण. मी छिन्नी आणि हातोडी उचलली आणि तिथेच थांबलो. बाण मोडला की नावाचा माणूस मेला. पण ते नाव आता कुणाचं? ज्याचं होतं त्याचं, की ज्याच्या हातावर चढलंय त्याचं? मी कुणाला मारतोय? जेनेटचा आवाज कानात, ओटीत घातला, ओटीत घातला. सहा. सात. सातनंतर आवाज बदलला, पोकळीत शिरला. कोयता आरपार गेला होता.

क्लोटिल्डा किंचाळली. ती तीस वर्षांत कधी किंचाळलेली नाही, किंचाळायचं काम आमच्या घरात माझं.

मी बाणाच्या मधोमध छिन्नी लावली आणि सगळ्या ताकदीने घाव घातला. ढलपी उडाली, माझ्या गालात घुसली. दुसरा घाव, तिसरा. बाण दोन तुकड्यांत, मधे खोल खाच.

फोनमध्ये काहीतरी मोडलं. एकदाच. लाकूड नव्हतं ते. मग कोयता फरशीवर पडला आणि कुणीतरी लहान मुलासारखं रडायला लागलं.

"मामी... मामी गं, माझा हात."

६

क्लोटिल्डाने हॉस्पिटलात सांगितलं, बाथरूममध्ये घसरला. आता आम्ही दोघं एका माळेचे मणी.

उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं होतं. कोपराच्या वर आणखी एक कोपर फुटावा तसा हात दिसत होता. पण तो लॉईड होता! सुई बघून त्याने डोळे घट्ट मिटले, "मामा, हात धर," म्हणाला. मी त्याची बाही कापली तेव्हा कातडी स्वच्छ होती. निळ्याचा ठिपकासुद्धा नाही. मी तिथेच सगळ्यांसमोर रडलो. लाज नाही वाटली.

मग डॉक्टरीण आली. मराठी, नागपूरकडची, चटपटीत पोरगी. "मामा, अजिबात काळजी करू नका. उद्या सकाळी आत स्टीलचा रॉड ठोकते आणि हात सुतासारखा सरळ करून देते."

"नको," मी म्हणालो. "वाकडा राहू दे. प्लॅस्टर करा आणि तसाच सोडा."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू टाके माझ्या गालाला नाही, डोक्याला हवेत. क्लोटिल्डाने मला कोपऱ्यात नेलं. कोयता, दार, सगळं तिने भोगलेलं, तरी म्हणाली, "फ्रेडी, तो बरा झालाय आता. त्याला लुळा करून पाठवणार का बहिणीकडे?" आणि वसईहून जेनेटचा फोन. तिला काय सांगू? दगड सांगू? बाण सांगू?

"दादा, वाकडा हात घेऊन त्याला हॉटेलात कोण ठेवेल? लग्न कसं होईल त्याचं? सरळ करून दे रे हात माझ्या पोराचा."

"जेनेट, ऐक माझं. नको."

"तुझा स्वतःचा असता, तर असं बोलला असतास का?"

मी फोन ठेवला. फॉर्मवर सही केली नाही. माझ्या सहीशिवाय काही होत नाही अशी माझी समजूत. त्याला एकोणतीस वर्षं झालीत हे मी विसरलोच होतो.

आज सकाळी आठला आलो तर लॉईडचा पलंग रिकामा. जमिला नावाची ओमानी नर्स चादर बदलत होती. "ऑपरेशनला नेला ना. सही त्याने स्वतःच केली, डाव्या हाताने." आणि कौतुकाने फॉर्म पुढे केला. "काय सही आहे! चित्रकार आहे का तुमचा भाचा?"

लॉईडला सरळ रेघ मारता येत नाही. उजव्या हाताने नाही, डाव्याने तर नाहीच. फॉर्मच्या तळाला, निळ्या बॉलपेनने, चंद्रकोर काढली होती. तिच्यावर बाण. पट्टी लावून ओढावा तसा, अखंड. आणि शेजारी ते जनावर, सोंडेसारखं तोंड, पायांच्या जागी वेटोळी. दोन खुणा, एक नाव.

मी धावलो. ऑपरेशन थिएटरच्या दारावर दोन्ही मुठींनी बडवलं. थांबवा, म्हणालो, सरळ करू नका. का, असं सिक्युरिटीवाल्याने विचारलं, मी परत दार बडवलं. दोघांनी धरून मला या बाकावर आणून बसवलं. परत उठलात तर बाहेर काढू, म्हणाले. क्लोटिल्डा शेजारी बसून रोजरी करतेय. दारावर लाल दिवा.

दार जाड आहे, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. साडेनऊला आत हातोडी सुरू झाली. स्टीलवर स्टील. टण, टण, टण. रॉड हाडात उतरतोय. डॉक्टरीण नवशिकी नाही, हात हलका आहे, शेवटाकडे ठोके बारीक केलेत तिने. मग हातोडी थांबली. कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. काम मनासारखं झालं की कारागीर हसतो तसं.

काहीतरी पडलं. स्टीलचा ट्रे असावा.

आणि हातोडी परत सुरू झाली. सगळे घाव एकसारखे. हा आवाज स्टीलवरचा नाही, आणि या वेळी मी पैज हरणार नाही, कारण तो मी मंगळवारी ऐकलाय. कुणी ओरडत नाहीये. ओरडायला वेळ मिळत नसावा.

"अजून ठोकतायत?" क्लोटिल्डाने मणी थांबवून विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. जेनेट. तिकडे घंटा वाजत होती, ती चर्चच्या पायऱ्यांवरून बोलत होती.

"दादा, झाला का रे हात सरळ?"

मी दाराकडे बघितलं. लाल दिवा तसाच होता. खालच्या फटीतून पॉलिशच्या पाण्यासारखं काहीतरी बाहेर येत होतं, फक्त पांढरं नव्हतं.

"झाला," मी म्हणालो.